दोन ते चारचा पहारा

सप्ताहाच्या पहाऱ्यात माझं नाव घातलं गेलं ते मला न विचारता. मी कंपनीतून येऊन मोरीवर पाय धूत होतो आणि घरमालक काका ओट्यावर वही घेऊन बसले होते. म्हणाले, दुपारचा दोन ते चार कोणी घेत नाही, निम्मं गाव शिफ्टला आणि उरलेलं जेवून आडवं. तुझी ह्या आठवड्यात रात्रपाळी, म्हणजे दुपारी तू घरीच. मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. त्यांनी लिहून टाकलं.

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी परभणीकडचा. सहावीत शाळा सोडली, आधी वीटभट्टी, मग इकडं खाली कोकणात कंपन्यांमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली. डोलवीच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा जवळपास खोली परवडेना, म्हणून पेणच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या ह्या गावात आलो. भात कापून झालं की वाल पेरणारं गाव. काका-काकींनी खोली दिली आणि पहिल्याच संध्याकाळी काकींनी माझ्या बायकोला तांदळाच्या भाकऱ्या आणून दिल्या, म्हणाल्या, गो, चूल उद्या मांड. गावात मला सगळे घाटीच म्हणत. मी 'का'च्या जागी 'कामून' म्हणालो की देवळाच्या पारावर हशा व्हायचा. पण हाक मारायचे, जेवायला बसवायचे. परमुलखात माणसाला आणखी काय पाहिजे? अशा माणसांना मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो की, काका, माझं देवाशी बोलणं बंद आहे म्हणून?

ते बंद झालं होतं रोह्यात.

पेणला यायच्या आधी आम्ही दीड वर्ष रोह्याला होतो. नदीच्या अलीकडं एका चाळीत खोली. मी एका कंपनीत ड्रम उचलायच्या कामावर. बायकोला तिथं पहिल्यांदा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात पोटातलं हलायचं थांबलं. मुलगा होता. दवाखान्यातून मला ते कपड्यात गुंडाळून दिलं आणि मी ते घेऊन रस्त्यावर उभा. कुणाला विचारावं? गावाकडं फोन लावला तर भाऊ म्हणाला, आम्ही निघालो तरी उद्या पोचणार. नदीकाठच्या वाडीतला एक माणूस, मजुरीला जाणारा, आमच्या चाळीच्या मागच्या वाटेनं यायचा-जायचा, नुसती ओळख. तो माझ्याकडं बघून थांबला, काही न विचारता घरी जाऊन कुदळ घेऊन आला. त्यानं खड्डा खणला, मी ठेवलं. परत आल्यावर मी भिंतीवरची देवाची तसबीर काढली आणि पेटीत कपड्यांच्या खाली घातली. बायको खाटेवरून बघत होती. पुढं पेणकडं आलो तरी ती पेटी मी उघडली नाही.

आणि आता बायको पुन्हा आठव्यात होती.

त्या दिवसांत मला एकच काळजी होती, सकाळी डोळे उघडल्यापासून. ती उठली की मी विचारायचो, हलतंय का? ती म्हणायची, हलतंय. तासाभरानं पुन्हा. एकदा ती वैतागून म्हणाली, तुमीच ठेवून घ्या पोटात, म्हणजे सारखं इचारायला नको. कामावर असलो की वाटायचं आत्ता काहीतरी होत असेल. घरी असलो की वाटायचं माझ्या डोळ्यांदेखत होईल. अशा माणसाच्या गळ्यात वीणा घातली गावानं.

सप्ताहात सात दिवस, सात रात्री नाव चालू राहतं. गळ्यात वीणा घेतलेला एक माणूस उभा असतो, तो 'रामकृष्णहरी' म्हणत राहतो, तार छेडत राहतो. जोडीला टाळ असतो. दोन तासांनी दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ती खाली टेकवायची नाही आणि नाव मोडू द्यायचं नाही, एवढे दोनच नियम. आमच्या गावाकडं हे फार कडक. लहानपणी मी पाहिलं होतं, एका गड्याला चक्कर आली तर चौघं धावले, पण माणसाला धरायच्या आधी त्यांनी वीणा धरली.

माझ्या पहाऱ्याला टाळ वाजवायला एक म्हातारे बाबा असायचे. ऐंशीच्या आसपासचे. देवळाच्या खांबाला पाठ लावून बसायचे, दुपारच्या गरमीत त्यांचे डोळे मिटायचे, मान छातीवर यायची, पण टाळ थांबायचा नाही आणि ओठही थांबायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी चकित झालो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बाबा झोपेतच वाजवतात. जागे असले की चुकतात."

पहिले तीन दिवस मी उभा राहिलो तो भाडेकरू म्हणून. तोंडानं नाव आणि मनात सगळं ते रोह्याचं. खरं सांगायचं तर नावाच्या मध्ये मध्ये मी शिव्या देत होतो. एक नाव, एक शिवी. बाहेरून ऐकणाऱ्याला नुसतं नाव ऐकू यायचं. मी समोर बघायचो नाही, खाली फरशीकडं बघायचो.

चौथ्या दिवशी पावणेतीनच्या सुमाराला काकींची हाक आली. देवळाच्या दारात त्या अनवाणी उभ्या, पदराचा बोळा हातात. मोठ्यानं नाही, हळूच म्हणाल्या, "चल. तिला रगत जातंय."

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मी धावलो. बांधावरून, वालाच्या शेतातून, वेलांत पाय अडकून एकदा गुडघ्यावर पडलो. घरापुढं मिनिडोर रिक्षा उभी होती, काकींनी आधीच बोलावलेली. बायको मागच्या बाकावर आडवी, तिच्याखाली काकींची गोधडी आणि गोधडीचा रंग कळत नव्हता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काकी तिच्या पायाशी बसल्या. गाडी निघाली. गावाबाहेरच्या वळणावर काकींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अरं, ही वीणा कशाला आणलीस?"

माझ्या गळ्यात वीणा होती. पडताना मी ती वर धरली असणार, कारण तिला माती लागली नव्हती आणि माझा गुडघा फुटला होता. तोंडही चालूच होतं. मी बंदच केलं नव्हतं.

आता ही चूक केवढी, हे मला तिथंच त्या गाडीत कळलं. सप्ताह चालू असताना मी देवळातून वीणा उचलून आणली होती. गावाची वीणा, आणि आणणारा कोण तर बाहेरचा, घाटी. तिकडं चौथ्या दिवशी नाव मोडलं असणार. मागं फिरावं म्हटलं तर मांडीवर बायकोचं डोकं. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. मिनिडोरवाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि गाडी आणखी पळवली. माझ्या डोक्यात एकच आलं: नाव जर आत्ता ह्या तोंडात चालू असेल तर ते मोडलं नाही. इथं मी थांबलो तर मात्र मोडलं, आणि मोडलं तर हिचं काहीतरी होणार. ह्याला कोणी भक्ती म्हणू नका. ती भीती होती. मी तार छेडत राहिलो आणि म्हणत राहिलो, खड्ड्यांत आवाज फुटत होता तरी. आणि हातानं बायकोच्या गालावर थापट्या मारत होतो. झोपू नको. झोपू नको. ते नावाच्या मधल्या जागेत.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा पालटला. म्हणाल्या, वार सुटलीय, बाळाचे ठोके फार मंद आहेत, लगेच पोट उघडावं लागेल. रक्ताच्या दोन बाटल्या लागतील, त्या अलिबागहून आणाव्या लागतील. सही करा. तिला आधी कधी भूल दिली होती का? काही आजार? आधीचं बाळंतपण? मी नुसता म्हणत राहिलो, रामकृष्णहरी, आणि मान हलवत राहिलो. बाई म्हणाल्या, "हे आधी बंद करा आणि माझ्याशी बोला."

मला बोलता येईना. मी त्यांच्याकडं बघतोय, कळतंय सगळं, पण नाव सोडून तोंडातून दुसरा शब्द काढायचा म्हणजे जणू मी माझ्या हातानं तिची मान सोडणार. तेव्हा काकींनी माझ्या गळ्यातून वीणा काढली. त्या गावात बाईच्या हातात वीणा कधी दिली नव्हती. काकींनी ती आपल्या खांद्याला लावली, पदर खोचला आणि माझंच नाव जिथून तुटणार होतं तिथून धरलं. मला म्हणाल्या, "तू बोल. मी म्हणते."

मग मी बोललो. रोह्याचं सगळं सांगितलं. सही केली, माझी सही नेहमीच शाळेतल्या मुलासारखी येते, त्या दिवशी तर नुसती रेघ आली. मिनिडोरवाला चिठ्ठी घेऊन वडखळच्या रस्त्यानं अलिबागला पळाला. त्यानं तिकडं बाटल्यांच्या बदल्यात स्वतःचं रक्त दिलं, हे मला महिन्याभरानं दुसऱ्याच माणसाकडून कळलं. तो मला कधी बोलला नाही.

बायकोला आत नेलं. दार झुलतं होतं, वर काचेची चौकट. काकींनी वीणा पुन्हा माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, काकी, तुमीच घ्या, माझ्यानं होत नाही. त्या म्हणाल्या, "घे बाबा. तुलाच लागंल ती."

मी घेतली. दाराशेजारी भिंतीला लागून उभा राहिलो. बाकावर दुसऱ्या पेशंटची माणसं होती. त्यांतला एक जण म्हणाला, इथं भजन कसलं, माणसं आजारी आहेत. त्याचं बरोबर होतं. मी आवाज कमी केला. नर्स येऊन गेली, आणखी कमी केला. शेवटी तारेचा आवाज आणि माझा श्वास एवढंच राहिलं. शिव्या कधीच संपल्या होत्या. शिव्या द्यायला पण थोडा जोर लागतो. मी आता गयावया करत होतो. नावाच्या मध्ये मध्ये म्हणत होतो, हिला ठेव, पोराला ठेव. दोघं नसतील तर हिला ठेव. मग मला माझीच लाज वाटायची, की मी पोराला सोडून दिलं, आणि पुन्हा सुरू करायचो, दोघांना ठेव.

साडेचारला जिन्यावर पावलं वाजली. चार ते सहाच्या पहाऱ्याचा गडी आला होता. कंपनीत माझ्याच ठेक्यावर, पहिल्या पाळीला. अंगावर तीच निळी पँट. मला वाटलं आता हा दवाखान्यात सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढणार. त्यानं दरवाज्याबाहेर बूट काढले. कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, तोंड धुतलं. जवळ येऊन माझ्या पायाला हात लावला.

"अर्धा तास तुझा जास्ती झाला," तो म्हणाला. "दे आता."

मी म्हणालो, नाव मोडलं का गावात? माझ्यामुळं मोडलं का?

"मोडतंय कशाला? बाबा टाळ घेऊन बसल्यात ना. त्यांना अजून ठावं नाय वीणा गेलीय ती."

मी हसलो असेन. मला नक्की आठवत नाही. मी त्याच्या पाया पडलो, त्यानं वीणा गळ्यात घातली, आणि तसाच म्हणत जिना उतरला. खाली मोटारसायकल घेऊन कुणीतरी थांबलं होतं. मागं बसून, वीणा उभी धरून, तो पेणच्या बाजारातून नाव घेत गावाकडं गेला. मी खिडकीतून बघत होतो.

माझे हात रिकामे झाले.

काकींनी म्हटलं होतं, तुला लागेल, ते मला आता कळलं. वीणा होती तोवर माझी बोटं तारेवर होती, पाय जमिनीवर होते, तोंडाला काम होतं. ती गेली आणि मी नुसता एक माणूस झालो ज्याची बायको आत आहे. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. नाव म्हणायला गेलो तर आवाजच नाही.

पाचच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं खाली केलं. मुलगी होती, म्हणाल्या. खूप प्रयत्न केला आम्ही. मग म्हणाल्या, आईचं अजून सांगता येत नाही, रक्त थांबत नाहीये, बाटल्या कधी येतील? मी म्हणालो, येतील. त्या आत गेल्या.

त्यानंतरचा तासभर मी कसा सांगू? सगळं मागून झालं होतं. पोराला ठेव म्हटलं होतं, ते गेलं. आता हिला ठेव म्हणायची मला भीती वाटायला लागली. रोह्याला मागितलं होतं, इथं मागितलं होतं, माझं मागणं म्हणजे जणू अपशकुन. मी मागितलं की ते जातं. म्हणून मी मागायचं बंद केलं. आणि मागायचं बंद केल्यावर माझ्याजवळ काहीच उरलं नाही. मी जमिनीवर बसलो होतो, दाराजवळ, डोकं भिंतीला लावून.

काकी माझ्या शेजारी खाली बसल्या. पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांनी आपलं आपण हळू आवाजात नाव सुरू केलं, घरात तांदूळ निवडताना म्हणतात तसं. मला म्हण म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. कधीपासून ते माहीत नाही. आणि तिथं, त्या फरशीवर, मला एक गोष्ट दिसली जी चार दिवस वीणा गळ्यात असूनही दिसली नव्हती. ह्या नावात मागणं नाही. 'दे' नाही, 'ठेव' नाही, 'वाचव' नाही. नुसतं नाव आहे. त्याला मोठं म्हणायचं आणि थांबायचं. मागायची भीती वाटणाऱ्या माणसाला म्हणता येईल असं तेवढंच होतं. मी मोठ्यानं म्हणायला लागलो.

ह्यानं काय झालं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. पावणेसहाला बाटल्या आल्या, एवढं झालं. त्या अलिबागच्या रस्त्यानं आल्या, मिनिडोरमधून. नावानं माझी मुलगी परत आली नाही. पण त्या तासात मी पळून गेलो नाही. मी स्वतःला ओळखतो. रोह्याला मी हिला दवाखान्यात सोडून दोन तास नदीवर जाऊन बसलो होतो, ही शुद्धीवर येऊन मला शोधत होती तेव्हा. ह्या वेळी मी दाराशी होतो.

मुलीला नेलं ते काका आणि तो चार ते सहावाला, त्याचा पहारा संपल्यावर. मला फक्त शेवटी पुढं बोलावलं. खड्डा आधीच खणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई म्हणाल्या की आता धोका टळला. पिशवी काढावी लागली होती. म्हणजे ह्यापुढं नाही. हे मी बायकोला कसं सांगू म्हणून दिवसभर तिच्याजवळ जायचं टाळत होतो, आणि गेलो तर तिला ते माहीत होतं. तिनं आतमध्ये ऐकलं होतं सगळं. कमरेत सुई दिली होती, ती जागीच होती. ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. मी पायाशी बसून राहिलो.

सहाव्या दिवशी सकाळी काकी डबा घेऊन आल्या. पेज आणि वालाचं बिरडं. म्हणाल्या, आज दोन ते चारला तुझंच नाव हाय यादीत. काल काकांनी उभं राहून घेतलं, त्यांचे पाय सुजलेत. येणार का? मी म्हणालो, काकी, मला सुतक आहे. मी वीणेला कसा हात लावू?

हे मी पटकन म्हणालो, कारण मला ते आधीच सापडलेलं होतं. सुतक म्हणजे माझा आडोसा होता. दवाखान्यातल्या फरशीवर म्हटलं ते वेगळं. तिथं दुसरं काही नव्हतं. पण आता सगळं झाल्यावर, मुलीला पुरल्यावर, चांगलं तोंड धुऊन, लोकांसमोर उभं राहून त्याची स्तुती करायची? कामून?

काकींकडं ह्याचं उत्तर तयार होतं. गावात आदल्या संध्याकाळी ह्यावरून बरीच बोलाबोली झाली होती. दोघातिघांचं म्हणणं की सुतकी माणसाला उभं करू नये. तर टाळवाल्या बाबांनी म्हटलं, वीणा परवा दवाखान्यात गेली, त्या दाराशी तासभर उभी राहिली, पोरीचं सुतक तिला आधी लागलंय. ती देवळात चालते तर बाप मांडवात का चालत नाय? शेवटी ठरलं की मी गाभाऱ्यासमोर जाऊ नये, बाहेर मांडवात उभं राहावं, वीणा तिथं आणून देतील.

मी तरी डबा उघडून भांड्यात पेज काढत राहिलो. तेव्हा भिंतीकडून बायकोचा आवाज आला. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"जावा."

मी म्हणालो, तुला एकटीला सोडून?

"काकी हायत." मग, अजून तोंड भिंतीकडंच, म्हणाली, "पर नीट म्हणा. परवा किती चुकत होता. बाई मला सारख्या म्हणत होत्या डोळे मिटू नका, डोळे मिटू नका. मला झोप आवरंना. आन् भाईर तुमी. दर खेपेला हरी म्हणताना घाई. मी म्हणायचे, आता चुकतेत. आता चुकतेत. आन् चुकायचाच."

काकी हसल्या. आणि मग बायकोचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती पण हसतेय. मी पुढं जाऊन बघितलं तर ती रडत होती. दोन दिवसांचं सगळं एकदम. टाके ताणतील म्हणून मी तिला धरून ठेवलं. काकी पेजेचं भांडं घेऊन बाहेर गेल्या.

दीडला मी गावात पोचलो. मांडव रिकामाच होता, दुपारचं. बाबा बाहेर येऊन खांबाला टेकून बसले होते, माझ्यासाठी त्यांनी जागा बदलली होती. बारा ते दोनचा गडी म्हणतच देवळातून बाहेर आला, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो आणि माझ्या गळ्यात वीणा आली. मला आवाज काढता येईना. तार वाजत होती, बाबांचा टाळ वाजत होता, बाबांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले. मी तोंड उघडून उभा. समोर कापलेली भाताची शेतं आणि त्यांत वाल. बाबांनी एक डोळा उघडला.

"घाई नाय," ते म्हणाले, आणि पुन्हा मिटला.

मग मी म्हणालो. पहिल्यांदा फारच हळू. हरी म्हणताना थांबलो, जरा लांबवलं. चार वाजेपर्यंत म्हणत राहिलो.